हरित अर्थव्यवस्थेकडे न्याय्य संक्रमण आणि नागरी समाज : पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेचा विशेष संदर्भ

सारांश : पर्यावरणपूरक अर्थव्यवस्थेकडे जाताना ज्यांचा रोजगार बाधित होतो, त्यांना या बदलात न्याय मिळावा, हा 'न्याय्य संक्रमण' या संकल्पनेचा गाभा आहे. संघटित उद्योगांतील कामगार डोळ्यांसमोर ठेवून ही संकल्पना घडली. ज्या देशात बहुसंख्य श्रमिक असंघटित आहेत, तेथे ती लागू करताना वाटाघाटीत श्रमिकांचा पक्ष कोणी मांडायचा, हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. पुणे शहरातील कचरावेचकांची संघटना व त्यांची सहकारी संस्था यांच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नातील नागरी समाजाची भूमिका व तिच्या मर्यादा प्रस्तुत लेखात स्पष्ट केल्या आहेत.

बीजसंज्ञा : हरित अर्थव्यवस्था, न्याय्य संक्रमण, नागरी समाज, असंघटित श्रम, घनकचरा व्यवस्थापन, सहकार.

१. प्रस्तावना

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने २००८ मध्ये हरित अर्थव्यवस्थेसंबंधीचा उपक्रम सुरू केला आणि २०११ मध्ये त्याविषयीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. मानवी कल्याण व सामाजिक समता यांत वाढ घडवून आणणारी आणि त्याच वेळी पर्यावरणीय धोके व नैसर्गिक साधनांची टंचाई लक्षणीयरीत्या कमी करणारी अर्थव्यवस्था, अशी हरित अर्थव्यवस्थेची व्याख्या त्या अहवालात केली आहे. या व्याख्येत सामाजिक समतेचा उल्लेख आरंभीच येतो. प्रत्यक्ष धोरणनिर्मितीत मात्र सौर पटले, विजेवर चालणारी वाहने, प्रक्रिया प्रकल्प आणि त्यांसाठी लागणारे भांडवल यांचाच विचार प्राधान्याने होतो. या बदलात कोणाचे काम जाणार, कोणाचे टिकणार आणि नव्याने निर्माण होणारे काम कोणाच्या वाट्याला येणार, हे प्रश्न दुय्यम ठरतात.

या प्रश्नांना 'न्याय्य संक्रमण' ही संकल्पना उत्तर देऊ पाहते. तिचा उगम अमेरिकेतील कामगार चळवळीत आहे. तेल, रसायने व अणुऊर्जा या क्षेत्रांतील कामगारांचे नेते टोनी माझोची यांनी, घातक उद्योग बंद करावयाचे असतील तर त्यांतील कामगारांच्या उपजीविकेची व शिक्षणाची तरतूद समाजाने केली पाहिजे, अशी मागणी मांडली होती. पुढे २०१५ मध्ये पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत श्रमिकांच्या न्याय्य संक्रमणाचा व प्रतिष्ठेच्या रोजगाराचा उल्लेख झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या तत्त्वांचा पाया शासन, मालक आणि कामगार यांच्यातील त्रिपक्षीय संवाद हा आहे. कोळशाच्या खाणी किंवा औष्णिक वीजनिर्मिती केंद्रे यांसारख्या उद्योगांत असा संवाद निदान कल्पनेत तरी शक्य असतो, कारण तेथे मालक ठाऊक असतो, हजेरीपट असतो आणि कामगार संघटनाही असते. भारतातील बहुसंख्य श्रमिकांच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. त्यांचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते आणि त्यांचा मालक कोण, हेही सांगता येत नाही. अशा वेळी त्रिपक्षीय संवादातील एक पक्ष मुळातच अनुपस्थित राहतो. हा अनुपस्थित पक्ष उभा करणे, हे असंघटित अर्थव्यवस्थेतील नागरी समाजाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कार्य होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

कुटुंब, राज्यसंस्था आणि बाजारपेठ यांच्या दरम्यान स्वेच्छेने उभ्या राहणाऱ्या संघटनांचे क्षेत्र, या व्यापक अर्थाने येथे 'नागरी समाज' ही संज्ञा वापरली आहे. श्रमिकांच्या संघटना, सहकारी संस्था, विद्यापीठांचे विस्तार विभाग, पर्यावरणवादी गट, रहिवाशांची मंडळे आणि ग्रामस्थांच्या कृती समित्या या सर्वांचा तीत समावेश होतो. त्यांचे हितसंबंध एक नसतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. कचरावेचकांचे श्रम आणि पर्यावरण

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर आणि आसपासच्या भागांतून अनेक भूमिहीन कुटुंबे पुण्यात आली. त्यांतील बहुसंख्य दलित, विशेषतः मातंग व नवबौद्ध समाजातील होती. घरकाम वा बांधकाम यांत ज्यांना शिरकाव मिळाला नाही, अशा कित्येक स्त्रियांनी कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा व प्लास्टिक वेचून भंगाराच्या दुकानात विकण्याचा मार्ग पत्करला. या कामाला भांडवल लागत नव्हते, जातीची आडकाठी नव्हती आणि मुकादमाची ताबेदारीही नव्हती. मोबदला मात्र अत्यल्प होता. शिवाय कुत्र्यांचे चावे, काचेच्या जखमा, चोरीचा आळ आणि पोलिसांचा जाच हे नित्याचेच होते.

या श्रमांचे पर्यावरणीय मूल्य मोठे आहे. खनिजापासून ॲल्युमिनियम तयार करण्यास जी ऊर्जा लागते, तीपैकी सुमारे ९५ टक्के ऊर्जा वापरलेल्या ॲल्युमिनियमचा पुनर्वापर केल्यास वाचते. कागद, काच व प्लास्टिक यांच्या पुनर्प्रक्रियेतही कमी-अधिक प्रमाणात अशी बचत होते. ओला कचरा सुक्या कचऱ्यापासून वेगळा झाला तरच त्याचे चांगले खत होऊ शकते. तो कचरा डेपोवर ढिगाखाली दाबला गेला, तर हवेच्या अभावी कुजून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढ घडविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते २८ पट मानली जाते. म्हणजे 'हरित रोजगार' ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून कचरावेचक स्त्रिया तो रोजगार करीत होत्या. त्यांचे संक्रमण प्रदूषणकारी कामाकडून हरित कामाकडे व्हावयाचे नव्हते. प्रश्न होता तो हरित अर्थव्यवस्था औपचारिक स्वरूपात आल्यावर याच स्त्रिया तीतून बाहेर फेकल्या जाण्याचा.

३. सुधारणेतून उद्भवलेला धोका

भारतीय शहरांतील कचऱ्याच्या दुरवस्थेविरुद्ध १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिच्या अनुषंगाने पुढे नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० अस्तित्वात आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे, वर्गीकरणास उत्तेजन देणे आणि उघड्यावर कचरा साठू न देणे, हे त्या नियमांचे प्रमुख विशेष होते. पर्यावरणाच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह होते आणि त्यामागे जागरूक नागरिकांचा दीर्घ प्रयत्न होता.

कचरावेचकांच्या दृष्टीने मात्र या सुधारणेचा अर्थ निराळा होता. रस्त्यावरील कुंडी नाहीशी झाली, की तिच्यातील मालही नाहीसा होतो. घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम ठेकेदाराच्या वाहनाकडे गेले, तर कागद, काच व पत्रा यांवरील ताबाही त्याच्याकडे जातो. त्या नियमांत कचरा हाताने हाताळण्यावर बंदी होती आणि ते अपरिहार्य असल्यास संरक्षणाची अट होती. श्रमिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच होती. परंतु ज्यांचे पोट हाताने कचरा वेचण्यावरच अवलंबून होते, त्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था त्यांत नव्हती. नागरी समाजाच्या एका घटकाचे यश दुसऱ्या घटकाच्या उपजीविकेवर गदा आणू शकते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. म्हणून 'नागरी समाजाचा सहभाग' एवढ्या शब्दप्रयोगाने न्यायाची हमी मिळत नाही. त्या सहभागात कोणाचा समावेश आहे आणि कोणाचा नाही, हे पाहावे लागते.

४. नागरी समाजाची भूमिका : पुण्यातील अनुभव

४.१ श्रमिक म्हणून ओळख

पुण्यात या कामाचा आरंभ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाच्या उपक्रमांतून झाला. साक्षरतेच्या निमित्ताने कचरावेचक स्त्रियांशी संपर्क आला. केवळ अक्षरओळखीने त्यांचे प्रश्न सुटणारे नाहीत, हे विभागातील पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांच्या लक्षात आले. कचरा घरातच वेगळा करून मिळाला तर उत्पन्न वाढते आणि कामाचे तासही कमी होतात, असा अनुभव काही वसाहतींत आला होता. मे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे संस्थापक डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि तिला आठशेहून अधिक कचरावेचक उपस्थित राहिले. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली.

या नावातच संघटनेची भूमिका व्यक्त होते. त्यात 'कचरा' हा शब्द नाही. विक्रीयोग्य वस्तूंची आणि कष्टकऱ्यांची नावे आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यास पुणे महानगरपालिकेने संघटनेच्या सदस्यांची ओळखपत्रे प्रमाणित केली. रस्त्यावर अडविणाऱ्या पोलिसाला दाखविता येईल असा कागद प्रथमच या स्त्रियांच्या हाती आला. पुढे २००२-०३ मध्ये महानगरपालिकेने कचरावेचकांसाठी आरोग्य विम्याची योजना सुरू केली. शहराच्या स्वच्छतेत त्यांचा वाटा आहे, हे तत्त्व या निर्णयाने मान्य झाले.

या वाटचालीला महाराष्ट्रातील एका पूर्वपरंपरेचा आधार होता. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ अन्वये ज्यांना कायमचा एक मालक नाही अशा श्रमिकांसाठी त्रिपक्षीय मंडळांची रचना करण्यात आली होती. ठरावीक मालक नसला तरी श्रमिकाला संरक्षण देता येते, हा धडा हमालांच्या चळवळीने आधीच घालून दिला होता. न्याय्य संक्रमणाच्या भारतीय चर्चेत या कायद्याचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः असंघटितांच्या संदर्भात तो मौलिक मार्गदर्शक ठरू शकतो.

४.२ ज्ञाननिर्मिती

मागणीला आधारभूत माहितीची जोड नसेल तर शासनयंत्रणा तिच्याकडे सहानुभूतीचा विषय म्हणून पाहते. पुण्यातील भंगार गोळा करणारे, भंगार व्यापारी आणि पुनर्प्रक्रिया उद्योग यांची साखळी उलगडणारा अभ्यास चिकरमाने, देशपांडे व नारायण यांनी २००१ मध्ये सादर केला. कचरावेचकांनी उचललेला माल महानगरपालिकेला वाहून न्यावा लागत नाही. त्यामुळे वाहतुकीचा व विल्हेवाटीचा जो खर्च वाचतो, तो या अभ्यासात रुपयांत मांडला गेला. त्यामुळे युक्तिवादाची दिशाच बदलली. महानगरपालिका कचरावेचकांवर काही उपकार करीत नसून कचरावेचकच महानगरपालिकेला विनामूल्य सेवा देत आहेत, असे म्हणणे आता शक्य झाले.

४.३ पर्यायी संस्थेची उभारणी

२००० च्या नियमांमुळे घरोघर कचरा गोळा करण्याचे बंधन आले, तेव्हा या बदलाला केवळ विरोध करण्याचा मार्ग संघटनेपुढे खुला होता. तिने तो न निवडता हे काम कचरावेचकांनाच द्यावे, अशी मागणी केली. त्यासाठी प्रथम प्रायोगिक तत्त्वावर काम झाले आणि २००७ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या संपूर्ण मालकीची सेवा सहकारी संस्था नोंदविण्यात आली. २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

या व्यवस्थेचे स्वरूप असे आहे : सभासद ढकलगाडी घेऊन नेमून दिलेल्या घरांतून ओला व सुका कचरा वेगवेगळा गोळा करतात. कुटुंबांकडून त्यांना मासिक सेवाशुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातील विक्रीयोग्य मालावर त्यांचा हक्क राहतो. उरलेला कचरा ते महानगरपालिकेच्या वाहनापर्यंत पोहोचवितात. साधने, संरक्षक साहित्य आणि प्रशासकीय खर्च यांचा भार महानगरपालिकेने उचलणे अपेक्षित असते. सभासदांची संख्या पुढे साडेतीन हजारांवर गेली.

या रचनेचे महत्त्व तीन बाबींत आहे. एक, पूर्वीच्याच श्रमिकांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले. त्यांच्या जागी दुसरे मनुष्यबळ आणले गेले नाही. दोन, कुंडीत उतरून वेचण्याऐवजी दारावर वर्गीकृत कचरा मिळू लागल्याने कामाची घाण, धोका आणि तास कमी झाले. तीन, कचरा वेगळा करण्याचे उत्तरदायित्व घराघरांत पोहोचले. रोज दारी येणारी ताई ओळखीची झाली, की कचरा वेगळा करण्याची सूचना ऐकली जाते. केवळ वाहन व ठेका यांवर चालणाऱ्या व्यवस्थेत हे साधणे कठीण असते.

४.४ धोरणातील हस्तक्षेप

वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर उघडे हाताळावे लागणे, हा कचरावेचकांच्या आरोग्याचा आणि सन्मानाचा प्रश्न आहे. उत्पादकांनी याची जबाबदारी घ्यावी, यासाठी 'स्वच्छ'च्या सभासदांनी २०१३ मध्ये असा कचरा उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम केली. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये अशा वस्तूंसोबत वेष्टण पुरविण्यासंबंधीची तरतूद उत्पादकांसाठी समाविष्ट झाली. त्याच नियमांत 'कचरावेचक' या संज्ञेची व्याख्या देण्यात आली. राज्याच्या धोरणात त्यांच्या भूमिकेची दखल घ्यावी आणि स्थानिक संस्थांनी त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असेही नमूद झाले. २००० च्या नियमांशी तुलना केल्यास हा बदल लक्षणीय आहे. देशातील विविध शहरांतील कचरावेचकांच्या संघटनांनी व त्यांच्या सहयोगी संस्थांनी दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्याची ती निष्पत्ती होय.

अन्य देशांतील अनुभवही या दिशेनेच जातो. ब्राझीलच्या २०१० च्या राष्ट्रीय घनकचरा धोरणात कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना स्थान मिळाले. कोलंबियात संघटनांनी घटनात्मक न्यायालयापर्यंत लढा दिल्यानंतर २०१३ मध्ये बोगोटा शहरात कचरावेचकांना त्यांच्या सेवेचा मोबदला सार्वजनिक निधीतून मिळू लागला. प्लास्टिक प्रदूषणासंबंधी आंतरराष्ट्रीय करार करण्याचा जो ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संमत झाला, त्यातही अनौपचारिक व सहकारी पद्धतीने काम करणाऱ्या श्रमिकांच्या योगदानाची नोंद आहे.

५. मर्यादा आणि अंतर्विरोध

या यशाच्या बाजूने विचार करताना त्यातील उणिवांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

पहिली मर्यादा कराराच्या अस्थैर्याची आहे. पहिल्या पाच वर्षांची मुदत संपल्यावर नव्या दीर्घ मुदतीच्या करारासाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्या कराराची मुदत २०२० च्या अखेरीस संपल्यावरही अनिश्चितता निर्माण झाली आणि काम ठेकेदारी कंपन्यांकडे सोपवावे, असा विचार पुढे आला. ज्या स्त्रियांनी करोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, शहर बंद असतानाही दारोदार जाऊन कचरा उचलला, त्यांना त्याच वर्षी आपल्या कामाच्या शाश्वतीसाठी झगडावे लागले. नियमात मान्यता मिळूनही ती प्रत्यक्षात दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागते.

दुसरी मर्यादा मोबदल्याच्या स्वरूपाची आहे. सेवाशुल्क नागरिकांकडून थेट घेतले जात असल्याने सेवा घेणाऱ्यावर श्रमिकाचा काही प्रमाणात वचक राहतो. परंतु शुल्क न देणाऱ्या कुटुंबाकडून ते वसूल करण्याचा अधिकार त्याला नसतो. शुल्क देण्याची ऐपत नसलेल्या वस्त्यांत काम करणाऱ्या सभासदाचे उत्पन्न साहजिकच कमी राहते. भंगाराचे भाव जागतिक बाजारपेठेनुसार चढउतार होतात आणि त्याचा भार साखळीतील सर्वांत दुर्बल कडीवर पडतो. भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा व निवृत्तिवेतन यांचा प्रश्नही मालक-नोकर संबंध नसल्यामुळे शिल्लकच राहतो.

तिसरा अंतर्विरोध तंत्रज्ञानाच्या निवडीचा आहे. कचऱ्यापासून वीज निर्माण करणारे प्रकल्प हरित म्हणून पुढे केले जातात. भारतीय कचऱ्यात ओलावा अधिक व उष्मांक कमी असतो. ज्वलनासाठी उष्मांक मिळतो तो मुख्यतः कागद व प्लास्टिक यांतून, आणि कचरावेचकांची उपजीविका नेमकी त्याच मालावर अवलंबून असते. म्हणजे एकाच वस्तूवर भट्टी आणि श्रमिक असे दोन दावेदार उभे राहतात. दिल्लीतील ओखला येथील प्रकल्पाला रहिवासी आणि कचरावेचक या दोघांनीही विरोध केला, तो वेगवेगळ्या कारणांनी. रहिवाशांना धुराची चिंता होती, तर कचरावेचकांना माल हिरावला जाण्याची. उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीसंबंधीच्या २०२२ च्या तरतुदींतही असाच पेच दिसतो. प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेचे प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाला मिळते आणि त्याला बाजारमूल्यही असते. ते मूल्य माल वेचणाऱ्यापर्यंत पोहोचेल, याची खात्री देणारी यंत्रणा मात्र नाही.

चौथी बाब न्यायाच्या व्याप्तीची आहे. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथील डेपोवर टाकला गेला. दूषित पाणी, दुर्गंधी आणि माश्या यांचा त्रास ग्रामस्थांनी भोगला. डेपोला लागलेल्या आगीनंतर २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी कचऱ्याच्या गाड्या रोखून धरल्या. शहराच्या स्वच्छतेची किंमत शहराबाहेरच्या लोकांनी का मोजावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. डेपोवर कचरा कमी जावा, यात ग्रामस्थांचे आणि कचरावेचकांचे हित समान आहे, कारण जितके वर्गीकरण अधिक, तितके उत्पन्न अधिक आणि ढिगारा लहान. असे असूनही या दोन समूहांत कायमस्वरूपी एकजूट निर्माण झाली नाही. नागरी समाजातील घटक आपापल्या प्रश्नापुरते संघटित होतात. त्यांची परस्परांशी सांगड घालण्याचे कार्य बव्हंशी बाकी आहे.

६. न्याय्य संक्रमणासाठी आवश्यक बाबी

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतील. कोणताही हरित प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी त्या क्षेत्रात आधीपासून अनौपचारिक काम करणाऱ्यांची गणना व नोंदणी व्हावी. ती त्यांच्या संघटनेच्या सहभागाने व्हावी. कचरा संकलनाचे काम देताना कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असावे आणि कराराची मुदत दीर्घ असावी. गरीब वस्त्यांतील सेवेचा मोबदला महानगरपालिकेने द्यावा. पुनर्प्रक्रियेच्या प्रमाणपत्रांतून मिळणाऱ्या रकमेचा निश्चित हिस्सा कचरावेचकांच्या सामाजिक सुरक्षेकडे वळवावा. माथाडी मंडळांच्या धर्तीवर त्यासाठी त्रिपक्षीय मंडळ स्थापन करणे शक्य आहे. कचरावेचकांच्या मुलांना शिक्षणाच्या संधी मिळणे हाही संक्रमणाचाच भाग मानला पाहिजे. आजच्या पिढीला या कामात सन्मान मिळावा आणि पुढच्या पिढीवर हेच काम करण्याची सक्ती नसावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साध्य करावयाच्या आहेत.

महाविद्यालये व विद्यापीठे यांनाही यात वाटा उचलता येईल. पुण्यातील संघटनेचे बीज विद्यापीठाच्या एका विस्तार विभागात रुजले, ही बाब शिक्षणक्षेत्राने विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या शहरातील भंगाराची साखळी, कचऱ्याचे प्रमाण आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांची स्थिती यांचे अभ्यास स्थानिक महाविद्यालये करू शकतात. छोट्या नगरपालिकांच्या क्षेत्रात अशी माहिती क्वचितच उपलब्ध असते आणि माहितीअभावी तेथील कचरावेचक धोरणाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात.

७. निष्कर्ष

हरित अर्थव्यवस्था ही आपोआप न्याय्य ठरत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने उचित असा नियमही, ज्यांच्याशी चर्चा झाली नाही अशा श्रमिकांना उपजीविकेपासून वंचित करू शकतो. पुण्यातील अनुभव असे दर्शवितो, की श्रमिकांची संघटना, त्यांच्या श्रमाचे मोजमाप करणारा अभ्यास, त्यांच्या मालकीची संस्था आणि धोरणावरील सततची देखरेख या चारही बाबी एकत्र आल्या, तेव्हाच न्याय्य संक्रमणाला काही आकार आला. यांपैकी ओळखपत्रावर थांबले असते, तर घंटागाडी आल्यावर ते निरुपयोगी ठरले असते. सहकारी संस्थेवर थांबले असते, तर कराराच्या पहिल्याच नूतनीकरणात ती संपली असती.

त्रिपक्षीय संवादाचे आंतरराष्ट्रीय प्रारूप भारतात उपयुक्त ठरावयाचे असेल, तर ज्यांना मालक नाही अशा श्रमिकांचा पक्ष त्यात आधी उभा राहिला पाहिजे. हा पक्ष शासन निर्माण करीत नाही आणि बाजारपेठेला त्याची गरज वाटत नाही. ते कार्य नागरी समाजालाच करावे लागते. एकदा ते केले म्हणजे संपले, असेही होत नाही. नवे तंत्रज्ञान, नवा ठेका किंवा नवा नियम आला, की तो पक्ष पुन्हा मांडावा लागतो. पुण्यातील कचरावेचक स्त्रिया १९९३ पासून तो मांडत आल्या आहेत.